आधाराची दांडी

रिक्षात बसले की आपला हात नकळत कुठे जातो? चालकाच्या पाठीमागच्या आडव्या दांडीकडे. खड्डा आला, वळण आले, समोर अचानक म्हैस आडवी आली की मुठी आवळतात त्या याच दांडीवर. पुणे-ठाण्यापासून सोलापूर-नागपूरपर्यंत असंख्य माणसे रोज तिच्या भरवशावर घर गाठतात. पण समोरून धडक बसली, की हीच दांडी वैरीण होते.

याचे कारण साधे आहे. धडकेने रिक्षा थांबते, प्रवासी थांबत नाही. मागच्या बाकावर सहसा पट्टा नसतो, म्हणून तो आधीच्याच वेगाने पुढे जातो आणि दांडीवर आदळतो. उंच माणसाची छाती, बुटक्याची हनुवटी, शाळकरी पोराचे कपाळ. गुडघे खालच्या पत्र्यावर. ताशी ३० किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे सुमारे साडेतीन मीटर उंचीवरून खाली पडणे. एरवी याच वेगाला आपण 'रिक्षा रखडत चाललीय' म्हणतो!

दुसरा धोका तीन चाकांचा. मागे दोन चाके आणि पुढे एक, म्हणजे रिक्षाचा पाया पुढे निमुळता होत जातो. वळणावर करकचून ब्रेक दाबला की भार त्या एकट्या चाकाकडे धावतो आणि गाडी कलंडते. डावी बाजू उघडी असल्याने कडेला बसलेला माणूस बाहेर फेकला जातो, किंवा त्याचा हात रिक्षाखाली सापडतो. चालकाशेजारी टेकलेल्या 'चौथ्या सीट'ला तर धरायला धड दांडीही नसते.

हे काही न उलगडलेले कोडे नव्हे. दिल्लीच्या आयआयटीतील दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रिक्षाच्या धडकेत माणसाच्या शरीराचे काय होते, याचा संगणकाच्या साहाय्याने केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. पण आपल्याकडे रिक्षाचा विषय निघतो तो भाडेवाढीच्या वेळी. मीटर, सुटे पैसे, जवळचे भाडे नाकारणे, यांवर आपण तावातावाने बोलतो. दांडीला जाड, मऊ वेष्टण आहे का, हे मात्र विचारत नाही.

अपघातानंतरची आपली रीतही अशीच. रिक्षाचालक हात जोडतो, 'साहेब, पोलीस नको, दवाखान्याचं मी बघतो' म्हणतो. गरिबाच्या पोटावर पाय कशाला, म्हणून आपणही गप्प बसतो. पहिल्या पट्टीचे पैसे तो देतो; महिन्याभराने जबड्याच्या शस्त्रक्रियेचे बिल येते तेव्हा रिक्षाचा नंबरही लक्षात नसतो.

या भल्या मनाचा हिशेब मुळातच चुकलेला असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने प्रत्येक रिक्षाला तृतीय पक्ष विमा सक्तीचा केला आहे आणि भाडे देऊन बसलेला प्रवासी त्यात येतो. कागदपत्रे नीट असतील तर भरपाई विमा कंपनी देते. चालकाची चूल विझत नाही. चूक रिक्षाची की ट्रकची, हा घोळही प्रवाशाने निस्तरायचा नसतो. दोघांची चूक असेल तर पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केले. दाद मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मागायची. त्यासाठी पोलिसांत नोंद हवी, उपचारांचे कागद हवेत आणि नंबर हवा.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. विमा कंपनीची जबाबदारी विमा उतरवलेल्या सीटांपुरतीच, असे याच न्यायालयाने २००७ साली एका बसच्या खटल्यात ठरवले. रिक्षात जादा माणूस कोंबला की त्याची झळ साऱ्यांनाच बसू शकते.

उद्या सकाळी पुन्हा रिक्षाला हात कराल. बसण्याआधी नंबर पाहा, मुलाला कडेला बसवू नका, चौथी सीट होऊ नका. आणि दांडी उघड्या लोखंडाची असेल, तर तिला वेष्टण लावायला चालकाला सांगा. चार प्रवाशांनी चार वेळा सांगितले तर तोही लावील. शेवटी त्याची मुलेही याच बाकावर बसून शाळेत जातात.