पांढरे ठिपके आणि रक्तदाबाची वही
(लेखांक सातवा)

डोकेदुखी किंवा चक्कर यांसाठी एमआरआय केला जातो आणि रिपोर्टाच्या शेवटी एक ओळ येते: 'क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस'. ती वाचून कोणी म्हणते, "वयाप्रमाणे होतंच, सोडून द्या." कोणी घाबरते, आणि रक्त पातळ करणारी गोळी, जोडीला मेंदूचे टॉनिक सुरू करण्याचा आग्रह धरते. दोन्ही प्रतिक्रियांत खरे काम राहून जाते, असे माझे ठाम मत आहे. ठिपके ही नुसती खूण; आजार आहे तो मेंदूतल्या बारीक धमन्यांच्या भिंतींचा. त्या भिंतींवर सर्वांत जास्त भार टाकतो तो रक्तदाब. तो घरी मोजता येतो आणि साध्या, स्वस्त गोळ्यांनी आटोक्यात ठेवता येतो.

मेंदूच्या खोल भागाला रक्त पुरवणाऱ्या या धमन्या काही ठिकाणी केसाइतक्या बारीक असतात. त्यांतल्या बऱ्याच मोठ्या धमन्यांतून थेट फुटतात, त्यामुळे मोठ्या धमनीतला जोर फारसा कमी न होता त्यांच्यावर आदळतो. आणि एखादी बंद पडली तर तिच्या भागाला रक्त पोचवायला शेजारची सहसा येत नाही. वर्षानुवर्षे दाब चढा राहिला की भिंती जाड आणि ताठ होतात, आतली वाट अरुंद होते. मग मेंदूचे निरनिराळे भाग जोडणाऱ्या तंतूंची झीज होते, तीच एमआरआयवर पांढरी दिसते. कुठे ३ ते १५ मिलिमीटरचे खड्डेही पडतात, त्यांना लॅक्युन म्हणतात. याला 'मूक' म्हणतात कारण हात लुळा पडत नाही, वाचा जात नाही. पण नीट पाहिले तर काही जणांची चाल मंदावलेली असते, पावले आखूड पडतात, लघवीची घाई होते, चालता चालता बोलताना थांबावे लागते, भाजीचा हिशेब जुळवायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो. नावे आणि प्रसंग मात्र लख्ख आठवतात, म्हणून घरच्यांना शंका येत नाही.

"झालेले ठिपके जात नाहीत, मग गोळ्या कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. उत्तर अमेरिकेतल्या 'स्प्रिंट' चाचणीत सापडते. तिच्यात पन्नाशीपुढच्या ९,३६१ जणांपैकी निम्म्यांचा वरचा दाब १२०च्या खाली, निम्म्यांचा १४०च्या खाली ठेवायचे उद्दिष्ट होते. दोन्ही गटांतल्या काही जणांचे एमआरआय सुमारे चार वर्षांनी पुन्हा केले, तेव्हा ठिपक्यांचे आकारमान दोन्हीकडे वाढले होते. पण कडक नियंत्रणात सरासरी ०.९२ घन सेंटिमीटर, तर सौम्य नियंत्रणात १.४५. विचारशक्तीत सौम्य घट होण्याचे प्रमाणही १९ टक्क्यांनी कमी दिसले. डिमेन्शियाचे रुग्ण कमी होते, पण फरक निर्णायक म्हणता येईल इतका नव्हता, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. या चाचणीत मधुमेही नव्हते, हीही तिची मर्यादा. त्यामुळे चीनच्या खेड्यांतला प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. ३२६ गावांतल्या ३३,९९५ जणांवरच्या त्या प्रयोगात गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांनी चार वर्षे दाब सांभाळला, आणि २०२५मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार डिमेन्शिया १५ टक्क्यांनी कमी आढळला. मोठे रुग्णालय नसतानाही हे साधते, ही बाब आपल्या उपकेंद्रांसाठी फार महत्त्वाची आहे.

अॅस्पिरिनबद्दलचा आग्रह सोडणे लोकांना अवघड जाते, कारण हृदयविकारात तिचा उपयोग सर्वांना ठाऊक आहे. पण ज्यांना पक्षाघात किंवा हृदयविकार झालेला नाही आणि फक्त ठिपके दिसले आहेत, त्यांना ती देऊ नये, असाच सल्ला युरोपीय स्ट्रोक संघटनेने २०२१मध्ये दिला. 'अॅस्प्री' चाचणीत १९,११४ निरोगी वृद्धांपैकी अॅस्पिरिन घेणाऱ्यांचे धडधाकट आयुष्य लांबले नाही, रक्तस्राव मात्र वाढले. झिजलेल्या धमन्या तुंबतात तशा फुटूही शकतात, हे इथे विसरून चालत नाही. अर्थात हृदयात स्टेंट बसवला आहे म्हणून गोळी चालू असेल, तर ती हे वाचून बंद करू नये.

दुसरी हरकत वृद्धांची काळजी घेणाऱ्यांकडून येते: दाब फार उतरवला तर आजोबा तोल जाऊन पडतील. ही भीती निराधार नाही. स्प्रिंटमध्ये कडक नियंत्रणाच्या गटात भोवळ आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी जास्त होत्या, इजा होईल असे पडणे मात्र वाढले नव्हते. म्हणून दाब हळूहळू, महिन्यांच्या हिशेबाने उतरवावा, आणि बसल्यावर मोजलेला दाब उभे राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा पाहावा. वरचा आकडा २० किंवा अधिक घसरला, तर डोस वाढवण्याआधी डॉक्टरांना ते सांगायलाच हवे. अशक्त, ऐंशीपुढच्या माणसाचे लक्ष्य साठीतल्या धडधाकट माणसाइतके कडक ठेवण्याचा हट्ट नको.

हे सगळे आकड्यावर अवलंबून असल्यामुळे आकडा खरा हवा. मोजण्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको, लघवी करून यावे, पाठ टेकून पाच मिनिटे गप्प बसावे, पाय जमिनीवर टेकलेले, दंडाचा पट्टा उघड्या दंडावर आणि हाताला टेबलाचा आधार. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून तारखेसह वहीत लिहावे. डॉक्टरांकडे जाण्याआधीच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ असे केले, तर दवाखान्यातल्या एका घाईच्या मोजणीपेक्षा कितीतरी अधिक कळते. गोळ्या चालू असूनही दाब हलत नसेल तर आधी ताटाकडे पाहावे: लोणचे, पापड, फरसाण, आणि वरून घेतलेले मीठ. पोटॅशियमयुक्त मिठाचा चांगला उपयोग होतो, पण मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये. मिश्री आणि विडी सोडणे, साखर आटोक्यात ठेवणे, रोज चालणे हे याच कामाचे भाग आहेत. नवी लक्षणे नसताना दरवर्षी एमआरआय करून ठिपके मोजत बसण्याने उपचार सहसा बदलत नाहीत. तो खर्च बहुतेकांना टाळता येईल. चेहरा वाकडा होणे, हात गळणे, बोबडी वळणे यांपैकी काही अचानक झाले, तर मात्र लगेच रुग्णालय गाठावे.

ठिपक्यांबरोबर ज्यांच्या मेंदूत सूक्ष्म रक्तस्रावाच्या खुणाही दिसतात आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी ज्यांना रक्त पातळ करणारी औषधे घ्यावीच लागतात, त्यांचा पेच वेगळा आहे. पुढच्या लेखांकात तोच विषय घेऊ.