‘क्लासशिवाय सायन्स होत नसतं’ : वाळूजमधला सर्वांत महाग गैरसमज

दहावीचा निकाल लागला की हे वाक्य मला दर वर्षी ऐकावं लागतं. यंदाही ऐकलं. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या बजाजनगरात भाजी घेताना ओळखीचे एक गृहस्थ भेटले. फर्स्ट शिफ्ट संपवून आलेले, अंगात कंपनीचा शर्ट, हातात जेवणाचा डबा. मुलीला विज्ञानात पंच्याऐंशी, गणितात ब्याऐंशी. मी आनंदाने विचारलं, “मग सायन्सच ना?” ते म्हणाले, “नाही मॅडम, आर्ट्सला टाकतोय. क्लास लावायची ऐपत नाही आपली. क्लासशिवाय सायन्स होत नसतं.”

आर्ट्सला जाण्यात काहीच कमीपणा नाही. इतिहास, भाषा, अर्थशास्त्र आवडणाऱ्या मुलीने तिकडेच जावं. पण या मुलीला काय आवडतं हे कुणी विचारलंच नव्हतं. घरातल्या पगाराच्या स्लिपने तिची शाखा ठरवली. मी तेवीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि आता संध्याकाळी अभ्यासिकेत बसते. तिथे येणाऱ्या मुलांच्या वह्या रोज पाहते म्हणून ठामपणे सांगते : अकरावी-बारावीचं फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स स्वतः वाचून शिकता येतं. इंजिनिअरिंगसाठीच्या सीईटीची आणि डॉक्टरकीसाठीच्या नीटची तयारीही करता येते. ते सोपं नाही, वेळ जास्त लागतो आणि त्याची एक रीत आहे. पण ‘होत नसतं’ हे खोटं आहे.

हा समज आला कुठून, तेही कळतं. १९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला, मागोमाग छोट्या-मोठ्या कंपन्या आल्या आणि जालना, परभणी, हिंगोली, बुलढाण्याकडची माणसं रांजणगाव शेणपुंजी, वडगाव कोल्हाटी, जोगेश्वरी या गावांत खोल्या करून राहिली. यांतल्या कित्येक घरांत बारावी सायन्सपर्यंत पोहोचणारी ही पहिलीच पिढी. घरात विचारायला कुणी नाही. चौकाचौकांत क्लासचे फ्लेक्स आणि त्यांवर गुण मिळवलेल्या मुलांचे फोटो. ते फोटो पाहून बापाला वाटतं, हे गुण क्लासने दिले. त्याच क्लासमध्ये बसून नापास झालेल्या मुलांचे फोटो कुणी लावत नाही, एवढी साधी गोष्ट मग ध्यानात येत नाही.

या समजाच्या मुळाशी दुसरा एक समज आहे : समोर कुणी फळ्यावर समजावून सांगितलं तरच डोक्यात शिरतं. हा तपासून झालेला आहे. हार्वर्ड विद्यापीठात लुई डेलॉरिए आणि सहकाऱ्यांनी फिजिक्सच्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने अनुभवी प्राध्यापकाचं अस्खलित व्याख्यान ऐकलं. दुसऱ्या गटाला तोच भाग, तीच उदाहरणं दिली, पण आधी स्वतः झटापट करायला लावली. चाचणीत दुसऱ्या गटाला जास्त गुण पडले. खरी गंमत पुढे आहे. ‘आपण जास्त शिकलो’ असं वाटत होतं ते व्याख्यान ऐकणाऱ्यांना. छान समजावून सांगितलं की कळल्याचा भास होतो, आणि त्या भासासाठी आपण कर्ज काढून फी भरतो.

दुसरा प्रयोग रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा, २००६ सालचा. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा वाचला. काहींनी एकदाच वाचून पुढच्या तिन्ही वेळा कोऱ्या कागदावर आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते : त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने पुन्हा विचारलं. वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले, लिहिणारे ६१ वर होते. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, महिन्यांनी असते. पुस्तक मिटून लिहायला क्लास लागत नाही, पाठकोरे कागद लागतात.

कुणी म्हणेल, मग लातूर पॅटर्नचं काय? तेच उदाहरण घ्या. परीक्षांच्या निकालांसाठी लातूरचं नाव गाजलं त्याचा गाभा सततच्या सराव परीक्षांत होता. पेपर द्यायचा, तपासून घ्यायचा, चुकलेलं पुन्हा करायचं. चांगल्या क्लासमध्ये आजही ज्या तीन गोष्टी उपयोगी पडतात त्या याच : ठरलेली वेळ, वारंवार पेपर आणि चूक दाखवणारं माणूस. त्या तिन्ही गोष्टी रांजणगावच्या दहा बाय दहाच्या खोलीत उभ्या करता येतात.

एक प्रसंग सांगते. अभ्यासिकेत येणारा एक मुलगा आयटीआय टर्नर आहे. वय चोवीस. एका व्हेंडर कंपनीत सीएनसी मशीन चालवतो आणि ओपन स्कूलमधून बारावी करतो आहे. बारावीच्या राज्य मंडळाच्या फिजिक्समधलं पहिलंच प्रकरण रोटेशनल डायनॅमिक्स. त्याने ते तीनदा वाचलं होतं, त्यावरचे व्हिडिओ पाहिले होते. म्हणाला, “मॅडम, समजलंय सगळं.” मी पुस्तक मिटायला सांगितलं आणि विचारलं, “तुझा स्पिंडल बाराशे आरपीएमवर फिरतोय. तू स्टॉप दाबलंस. वेग सारखा कमी होत गेला आणि चार सेकंदांत तो थांबला, असं धरू. थांबेपर्यंत त्याचे किती फेरे झाले?”

तो सूत्र आठवायला लागला. ओमेगा, अल्फा, थीटा, काहीच सापडेना. कपाळावर घाम. मी म्हटलं, “सूत्र राहू दे. मशीन डोळ्यांपुढे आण. एका मिनिटात बाराशे, म्हणजे एका सेकंदात किती?” वीस. “थांबताना?” शून्य. “मग सरासरी?” दहा. “चार सेकंद.” तो थांबला, मग हळूच म्हणाला, “चाळीस फेरे.” आता पुस्तक उघडून त्याने तेच गणित सूत्राने केलं : सुरुवातीचा कोनीय वेग ४० पाय, त्वरण उणे १० पाय, कोन आला ८० पाय रेडियन. एक फेरा म्हणजे २ पाय. भागिले, चाळीस. त्या दिवशी त्याने ती सूत्रं पाठ केली नाहीत आणि आजतागायत तो ती विसरलेला नाही. रोज आठ तास तो ज्या मशीनपुढे उभा असतो तीच त्याची प्रयोगशाळा होती, एवढंच त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

रीत इतकीच आहे. अर्धा तास वाचा. पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर लिहा, अडलं तिथे खूण करा आणि मगच उघडा. सोडवलेली उदाहरणं नुसती वाचू नका; उत्तर हाताने झाकून स्वतः करा. चुकांची वेगळी वही ठेवा : कोणतं गणित, कुठे घसरलो, का. तीन दिवसांनी तेच गणित पुन्हा, पंधरा दिवसांनी पुन्हा. रविवारी घड्याळ लावून जुना पेपर. आणि नाइट शिफ्ट करून आल्या आल्या मॅथ्स घेऊन बसू नका. आधी झोपा.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांबद्दल एक वेगळं सांगायला हवं, कारण इथे मुलं स्वतःला उगाच ढ समजतात. अकरावीला पुस्तक इंग्रजी होतं आणि पहिल्याच पानावर मुलगी अडते. तिला वाटतं फिजिक्स जमत नाही. अहो, इनर्शिया म्हणजे जडत्व, मोमेंटम म्हणजे संवेग, अॅक्सिलरेशन म्हणजे त्वरण, रिफ्रॅक्शन म्हणजे अपवर्तन. हे सगळं ती दहावीपर्यंत शिकून आलेली आहे, फक्त नव्या नावाने ओळखत नाही. पहिले पंधरा दिवस दोन रकान्यांची वही करा, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. नववी-दहावीची विज्ञानाची पुस्तकं रद्दीत देऊ नका. मला विचाराल तर सायन्स सोडणाऱ्या अर्ध्या मुलांना या एका वहीने थांबवता आलं असतं.

आता एकट्याने काय होत नाही, तेही स्पष्ट सांगते. प्रॅक्टिकल घरी होत नाहीत. राज्य मंडळात फिजिक्सच्या शंभरपैकी ३० गुण प्रॅक्टिकलचे असतात. टायट्रेशनमध्ये रंग नेमका कुठल्या थेंबाला बदलतो ते व्हिडिओत पाहून हाताला वळण लागत नाही. त्यासाठी कॉलेजच्या किंवा अभ्यासकेंद्राच्या प्रयोगशाळेत जावंच लागतं. ‘नाव कॉलेजात टाका, हजेरीचं आम्ही बघतो’ असं सांगणाऱ्या क्लासवाल्यांच्या नादी लागून कॉलेज बुडवलेली मुलं मी पाहिली आहेत. ती प्रॅक्टिकलच्या टेबलाशी उभी राहून रडली. आणि कुणीतरी वही तपासणारं लागतं. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. पण ते माणूस पगारी असायलाच हवं असं नाही. कॉलेजच्या मॅडमना तास संपल्यावर गाठा. इंजिनिअरिंगला असलेला शेजारचा दादा, कंपनीतला ट्रेनी इंजिनिअर, दोन मैत्रिणी. एकमेकींना फळ्यावर शिकवायला लागलात की कुणाला काय कळलेलं नाही ते पाच मिनिटांत उघडं पडतं.

याच्या अगदी उलट बोलणारेही भेटतात : “सगळं यूट्यूबवर आहे की, कॉलेज कशाला आणि पुस्तक कशाला?” हा समजही तितकाच वाईट. तीन तास व्हिडिओ पाहणं म्हणजे फुकटचा क्लास लावणं, हात मात्र रिकामाच. व्हिडिओ अडलं तेवढ्यापुरता पाहावा आणि बंद करून लगेच गणित करावं.

बाकीचे समज थोडक्यात.

‘पुस्तकं महाग असतात.’ बालभारतीची आणि एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळांवरून फुकट उतरवून घेता येतात.

‘ओपन स्कूलची बारावी नीटला चालत नाही.’ २०१८ मध्ये तसा नियम आला होता आणि त्याच वर्षी ११ मे रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची पाच विषयांची बारावी जेईई मेनलाही चालते. नोंदणी पाच वर्षं टिकते, त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. शिफ्ट करणाऱ्याला यापेक्षा काय हवं?

‘बारावीला बायोलॉजी नव्हती, आता डॉक्टरकी संपली.’ २२ नोव्हेंबर २०२३ च्या सूचनेने नॅशनल मेडिकल कमिशनने बारावीनंतर बायोलॉजी हा जादा विषय म्हणून देऊन नीटला बसायची वाट मोकळी केली आहे.

‘पंचविशी उलटली, आता नीट नाही.’ कमाल वयाची अट मार्च २०२२ मध्ये काढली गेली.

‘नीट इंग्रजीत नाहीतर हिंदीतच द्यावी लागते.’ मराठीतही देता येते. मात्र भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्नच ग्राह्य धरतात, म्हणून वरची दोन रकान्यांची वही इथेही कामाला येते.

‘सीईटीला फक्त बारावीचा अभ्यास लागतो.’ एमएचटी-सीईटीत साधारण २० टक्के भार अकरावीचा असतो. आणि तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तरीही मुलं रकाने मोकळे सोडून येतात! नीटमध्ये मात्र चुकीच्या उत्तराला एक गुण जातो. दोन्ही परीक्षा देणाऱ्याने हा फरक पक्का लक्षात ठेवावा.

‘आयटीआय झालं म्हणजे शिक्षण संपलं.’ दोन वर्षांचा आयटीआय करणाऱ्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला.

‘सरकार काही करत नाही.’ ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी महाज्योती संस्था जेईई, नीट आणि सीईटीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते, त्यासाठी टॅबही देते. अर्जाची मुदत असते आणि ती निघून गेल्यावरच लोक मला विचारायला येतात.

त्या गृहस्थांना मी भाजीच्या गाडीपाशीच एवढं सगळं सांगू शकले नाही. घाईत त्यांच्या मोबाइलवर बालभारतीचं अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक उतरवून दिलं आणि म्हटलं, पोरीला पहिलं प्रकरण वाचू द्या, मग ठरवा. तुमच्या घरातही यंदा दहावीचा निकाल लागला असेल, तर प्रवेशाचा अर्ज पक्का करण्याआधी एवढंच करा. पुस्तक उतरवून द्या, आठ दिवस द्या आणि नवव्या दिवशी तिलाच विचारा. आणि ती हो म्हणाली, तर वह्या तपासायला संध्याकाळी सहानंतर अभ्यासिकेत पाठवा. फी नाही.