प्रिन्स एडवर्डच्या बंद शाळा



अमेरिकेत गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा एकेकाळी वेगळ्या असत, हे आपल्याला ठाऊक आहे. १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील हा भेद घटनाबाह्य ठरवला. पण निकाल लागला म्हणून शाळेचे दार उघडतेच असे नाही. हे मी व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड काउंटीच्या उदाहरणावरून सांगू इच्छितो. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा कारभाराचा भाग. शाळांचा बराचसा खर्च तेथे स्थानिक करातून चालतो.

या काउंटीतील फार्मव्हिल गावी काळ्या मुलांसाठी मोटन हायस्कूल होते. इमारत १८० मुलांसाठी बांधलेली, पण १९५१ पर्यंत तेथे साडेचारशेहून अधिक मुले शिकत होती. जागा पुरेना म्हणून डांबरी कागद लावलेली खोपटी उभारली होती. २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने सर्व विद्यार्थ्यांना एकत्र करून संप पुकारला. फर्स्ट बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक रेव्ह. फ्रान्सिस ग्रिफिन मुलांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे त्यांचा दावा १९५४ च्या त्या प्रसिद्ध खटल्यात सामील झाला आणि मुले जिंकली.

मग काय झाले? गोऱ्या आणि काळ्या मुलांना एकत्र बसवावे लागणार असे दिसताच काउंटीने १९५९ मध्ये शाळांसाठी पैसाच मंजूर केला नाही. सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लागले. गोऱ्या मुलांसाठी लगेच खाजगी शाळा निघाली आणि तिला सरकारी अनुदानाचा व करसवलतीचा हातभार मिळाला. सुमारे १,७०० काळी मुले मात्र शाळेविना राहिली. काहींना नातलगांकडे परगावी धाडले, काहींची सोय क्वेकर बांधवांनी दूरच्या कुटुंबांत केली. अनेक मुले शेतावर कामाला लागली.

येथे मंडळीचा संबंध येतो. काळ्या मंडळ्यांनी प्रार्थनामंदिरांच्या तळघरांत मुलांसाठी वर्ग भरवले. त्याच गावात गोऱ्या मंडळ्यांच्या इमारतींतही वर्ग भरले, पण फक्त गोऱ्या मुलांचे. दोघांच्या हाती पवित्र शास्त्र एकच होते.

१९६३ मध्ये देणग्यांवर मोफत शाळा सुरू झाल्या. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळा उघडायला लावल्या. त्या खटल्याला ग्रिफिन यांचेच नाव आहे, कारण त्यांची मुलेही वादींमध्ये होती. पण गेलेली वर्षे कोण परत देणार? व्हर्जिनिया राज्याने २००४ मध्ये या वंचितांसाठी शिष्यवृत्ती ठेवली, तेव्हा ती मुले साठीकडे झुकली होती.

कुलूप गेले, तरी पैशाचा भेद राहिला. टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहरात १९६७-६८ साली एजवूड भागात, जेथे बहुतेक मुले मेक्सिकन वंशाची होती, दर मुलामागे ३५६ डॉलर खर्च होत. जवळच्याच श्रीमंत अलामो हाइट्समध्ये ५९४. कारण सरळ होते: जेथे घरांची किंमत जास्त, तेथे मालमत्ता कराचे उत्पन्न जास्त. पालक न्यायालयात गेले, पण १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी हरले. पुढल्याच वर्षी डेट्रॉइटच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की, उपनगरांनी स्वतः भेद केल्याचे सिद्ध झाल्याशिवाय त्यांना शहराच्या योजनेत ओढता येणार नाही. गोरी कुटुंबे तर उपनगरांतच राहायला गेली होती. म्हणजे शाळेच्या दारावरची पाटी गेली आणि तिचे काम घराचा पत्ता करू लागला.

म्हणून शाळेचा प्रश्न समोर येईल तेव्हा, कायदा काय म्हणतो एवढ्यावर आपण थांबू नये असे मला वाटते. पैसा कोठून येतो? हद्द कोणी आखली? दार बंद झाले तर कोणाची मुले बाहेर राहतात? आणि त्या दिवशी आपल्या मंदिराचे दार कोणासाठी उघडे असेल? या प्रश्नांवर मंडळीने प्रार्थनापूर्वक विचार करावा, ही विनंती.