बारा व्होल्टचे गिरमिट

एक मिलिमीटरचे भोक पाडायला जोर लागत नाही, वेग लागतो. छंदासाठी किटमधून जोडायच्या छोट्या ड्रिलची सगळी करामत या एका गोष्टीत आहे.

हिशेब सोपा आहे. बीट कापते ते कडेने, आणि कडेचा वेग बिटाच्या जाडीवर ठरतो. १० मि.मी. जाडीचे बीट मिनिटाला १,००० फेरे घेते तेव्हा त्याची कड मिनिटाला साधारण ३१ मीटर धावते. १ मि.मी.च्या बिटाला तेवढेच धावायचे तर १०,००० फेरे हवेत. भिंतीला भोके पाडणारे घरगुती ड्रिल मशीन तीन हजारांच्या आसपास थकते, शिवाय त्याचे दीड-दोन किलो वजन त्या बारीक बिटाला पेलत नाही. बीट काडकन मोडते. उलट किटमधली मुठीत मावणारी मोटर बिनभाराने दहा-बारा हजार फेरे सहज घेते.

बारीक भोकाची विद्या मात्र विजेपेक्षा फार जुनी. बलुचिस्तानात मेहरगढ येथे साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या नऊ माणसांचे अकरा दात कोरलेले सापडले. गारगोटीचे टोक लावलेला, दोरीच्या कमानीने फिरवायचा सामता वापरला तर दाताच्या कवचाला मिनिटाच्या आत असे भोक पडते, हे संशोधकांनी करून पाहिले. आपल्या मराठवाड्यात पैठण आणि तेर येथे सातवाहन काळात मण्यांचा मोठा उद्योग होता. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून भडोच बंदराकडे जाणाऱ्या गोमेद दगडाची नोंद आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातले मणी पाहताना नक्षी नंतर बघा, आधी भोके बघा. खंभातच्या अकीक कारागिरांनी टोकाला हिऱ्याच्या दोन कण्या बसवलेला कमानीचा सामता विसाव्या शतकातही चालवला. हातात धरायचे विजेचे ड्रिल १८९५ साली जर्मनीत फाइन यांच्या कारखान्यात बनले. छोट्या, वेगवान हत्याराला घराघरांत नेणाऱ्या आल्बर्ट ड्रेमेल यांची कंपनी १९३२ ची, अमेरिकेतल्या रसीन गावची.

आता हे ड्रिल गावात कसे चालेल ते पाहू. उदाहरण म्हणून ताडकळस घ्या. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातले हे गाव कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात आहे. या भागात पाठीवरच्या फवारणी पंपात १२ व्होल्टची, बहुधा ८ अँपिअर-तासांची बॅटरी असते आणि हंगाम सरला की ती कोपऱ्यात पडून खराब होते. किटमधली मोटरही १२ व्होल्टचीच! हलक्या कामाला ती एखादा अँपिअर घेते, म्हणजे लाइट गेली तरी ड्रिल काही तास चालू शकते. बॅटरीच्या अधिक तारेत ३ अँपिअरचा फ्यूज मात्र हवाच. शॉर्ट झाले तर घरच्या विजेवरचा अडॅप्टर फार तर बंद पडेल. शॉर्ट झालेली बॅटरी तार लाल करते.

किटमध्ये मोटर, बीट पकडणारा पितळी चक, स्विच, सॉकेट, वायर आणि चार-सहा बिटे असतात. बॉडी आली नसेल तर मोटर घट्ट बसेल असा पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरतो. मोटरच्या हवेच्या खिडक्या तेवढ्या झाकू नयेत. चक दांड्यावर हातोडीने ठोकणे हा सर्रास होणारा अत्याचार. तो घाव मागच्या झाकणावर जातो आणि मोटर कायमची कुरकुरते. दांड्याचे मागचे टोक लोखंडावर टेकवून चक हळूहळू दाबावा. चकाला समोरासमोर दोन स्क्रू असतील तर दोन्ही थोडे थोडे आवळावेत. एकच आवळला की चक एका अंगाला सरकतो. मग स्विच दाबून बिटाचे टोक डोळ्यासमोर धरून पाहावे, अर्थात चष्मा लावून. फिरताना एकच बारीक ठिपका दिसला तर ड्रिल सरळ. धूसर कडे दिसले तर बीट डुलते आहे. भोक मोठे पडेल आणि बीट लवकर मोडेल.

बीट फिरते पण कापत नाही, अशी तक्रार हमखास येते. तारा उलट जोडल्या की मोटर उलटी फिरते आणि बीट नुसते घासत बसते. तारा अदलाबदल केल्या की काम झाले. मोटरच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा, अंगावर १०४ छापलेला कपॅसिटर जोडला की ब्रशच्या ठिणग्यांनी शेजारच्या रेडिओत होणारी खरखर कमी होते. बीट अडकून मोटर थांबली तर स्विच लगेच सोडावा. फिरती मोटर स्वतः उलटा दाब निर्माण करून प्रवाह आवरते. थांबलेल्या मोटरीत तो दाब नसतो, म्हणून प्रवाह कित्येक पटींनी वाढतो आणि वेटोळे जळते.

या ड्रिलचे मुख्य काम सर्किट बोर्डाचे. रेझिस्टर आणि आयसीच्या पायांना ०.८ मि.मी., जाड पायांना १ मि.मी., बोर्ड बसवायच्या स्क्रूला ३ मि.मी. तांब्याच्या ठिपक्यात मधोमध पंचाची हलकी खूण केली की बीट घसरत नाही. हिरवट काचतंतूंचा बोर्ड साध्या स्टीलच्या बिटाची धार लवकर खातो. कार्बाइडचे बीट टिकते, पण हात जरा तिरका झाला की तुटते. त्यासाठी स्टँड घ्यावा. त्या बोर्डाची धूळ म्हणजे बारीक काच. तोंडाला मास्क लावावा आणि फुंकर तर मुळीच मारू नये.

हाताने करत शिकण्याचा हा मार्ग महाराष्ट्राला नवा नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. गावच्या मुलांनी वेल्डिंगपासून शेतीपर्यंत प्रत्यक्ष काम करत विज्ञान शिकावे, ही त्यामागची भूमिका. २००२ मध्ये तिथेच फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, उभी राहिली. अशा लॅबमध्ये सुमारे ०.४ मि.मी.चे बीट संगणकाच्या हुकमाने बोर्डावरचे तांबे कोरते. यंत्र महाग, तत्त्व तेच: बारीक टोक, मोठा वेग, हलका दाब.

एका कामाला मात्र हे ड्रिल लावू नये. फवारणीचे नोझल तुंबले की बीट घालून ते मोकळे करण्याचा मोह होतो. १ मि.मी.चे छिद्र १.१ झाले तर त्याचे क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते, जवळपास त्याच प्रमाणात औषधही जास्त जाते आणि थेंब जाड पडतात. नोझल पाण्यात भिजवून दाताच्या जुन्या ब्रशने घासावे. तरी निघाले नाही तर नवीन आणावे.