मोटर एक, हवा दोन

नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना शहापूरच्या आसपास महामार्गालगत सरकती लोखंडी फाटकं आता जागोजागी दिसतात. बंगला असो, लॉन असो की गोदाम, गाडीतून रिमोट दाबला की फाटक आपोआप बाजूला होतं. अशीच फाटकं अलिबाग, मुरुड, गुहागर, मालवणच्या घरांनाही आहेत आणि पुष्कळदा मोटरही त्याच बनावटीची असते. पण ती शहापुरात बिघडते एका कारणाने आणि गुहागरात दुसऱ्याच. दुरुस्ती मात्र दोन्हीकडे सारखीच होते. झाकण निघतं, "कार्ड उडालं, बदलावं लागेल" असं सांगितलं जातं, नवं कार्ड बसतं आणि पुढच्या मोसमात फाटक पुन्हा अडतं. मला वाटतं, या कामात मोटरकडे सर्वांत शेवटी बघावं. आधी हवा बघावी, मग फाटक, मग वायरी.

आधी ही यंत्रणा कशी चालते ते पाहू. सरकतं फाटक जमिनीतल्या रुळावर खाचेच्या चाकांनी चालतं. वरून ते कलू नये म्हणून खांबाला गाइड रोलर असतात. फाटकाच्या अंगाला दातेरी पट्टी लावलेली असते, तिला रॅक म्हणतात. मोटरच्या बाहेर आलेलं छोटं दातेरी चाक म्हणजे पिनियन. ते फिरलं की रॅक सरकतो आणि रॅकबरोबर फाटक. किती उघडायचं, कुठे थांबायचं हे लिमिट स्विच सांगतो. मधे माणूस किंवा गाडी आली तर खांबावरचा फोटोसेल सांगतो. या सगळ्यांचं ऐकून मोटरला हुकूम देणारं ते कार्ड.

या रचनेत मोटरने फाटक फक्त ढकलायचं असतं, पेलायचं नसतं. म्हणून रॅक आणि पिनियनमध्ये एक-दोन मिलिमीटर फट ठेवतात. चाकांची बेअरिंग झिजली की फाटक खाली बसतं, फट नाहीशी होते आणि काही क्विंटलच्या लोखंडाचा भार मोटरच्या दांड्यावर येतो. मोटर तापते, कण्हते, आतलं गिअर झिजतं. अशा मोटरला नवं कार्ड लावणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. खात्री करायची असेल तर वीज बंद करावी, मोटरबरोबर आलेली किल्ली फिरवून ती मोकळी करावी आणि फाटक हाताने ढकलून बघावं. घरातल्या कुठल्याही मोठ्या माणसाला ते एका हाताने, झटके न बसता या टोकापासून त्या टोकापर्यंत नेता आलं पाहिजे. जिथे जोर लावावा लागतो तिथे बिघाड आहे, आणि तो लोहाराचा किंवा फॅब्रिकेशनवाल्याचा आहे, इलेक्ट्रिशियनचा नाही.

आता किनाऱ्याकडे वळू. लाटा फुटतात तेव्हा खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार हवेत उडतात, वाळतात आणि मिठाचे अदृश्य कण वाऱ्याबरोबर आत येतात. ते फाटकावर, झाकणाच्या फटीत, वायरीच्या टोकांवर बसतात. कोरडं मीठ फारसं काही करत नाही. पण हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी स्वतःकडे ओढून ओलं होतं. कोकणातल्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते यामुळेच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. ते तर 33 टक्क्यांच्या आसपासच ओलावा धरू लागतं. म्हणजे पाऊस नाही, दव नाही, तरी लोखंडावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर कायम राहतो. गंजणं ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे, आणि खारं पाणी तिला उत्तम वाट करून देतं. शिवाय क्लोराइड धातूवरचा संरक्षक पापुद्राही फोडतं.

यातून एक गोष्ट अशी निघते की ऐकणाऱ्याला प्रथम पटत नाही. कोकणातला पाऊस फाटकाच्या उघड्या भागाला धुऊन काढतो आणि एका अर्थी वाचवतो. जिथे पाऊस पोचत नाही तिथे मीठ साचत जातं: मोटरच्या झाकणाखाली, रॅकच्या मागच्या बाजूला, छपराखालच्या खांबावर. म्हणून किनाऱ्यावरच्या फाटकाला दिवाळीपासून मेपर्यंत दर काही आठवड्यांनी गोड्या पाण्याने धुणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित इलाज आहे. साधा पाइप पुरे. जोराच्या फवाऱ्याचं मशीन मोटरवर मारू नये, ते पाणी आतच ढकलतं.

मोटरच्या खोक्यावर आयपी 44, आयपी 54 किंवा आयपी 65 असा आकडा असतो. त्यातला पहिला अंक धुळीपासूनचं संरक्षण सांगतो, दुसरा पाण्यापासूनचं. घेणारा तो आकडा बघून निश्चिंत होतो. पण ही कसोटी साध्या पाण्याची आहे. खारी हवा वर्षभर बसल्यावर आतल्या तांब्याचं काय होईल, हे त्या आकड्यात येत नाही. आणि खोकं कितीही बंद असलं तरी जमिनीतून वायर आणणारा पाइप त्यात उघडाच असतो. दिवसा खोकं तापतं, रात्री निवतं, आणि दर रात्री त्या पाइपातून थोडी दमट हवा आत ओढली जाते. पाइपाचं तोंड सीलंटने बुजवणं हे दोन मिनिटांचं काम आहे. खोक्याच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेलं बारीक छिद्र मात्र कधीही बुजवू नये. तेही उत्साहाने बुजवलेलं दिसतं आणि मग आतला ओलावा आतच राहतो.

अशा मोटरचं झाकण काढलं की काय दिसतं? वायरी कसायच्या स्क्रूंवर हिरवट-पांढरी भुकटी, रिलेच्या, म्हणजे मोटरची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, पायांशी तसाच थर, लिमिट स्विचची स्प्रिंग तपकिरी आणि अर्धी गंजून गेलेली. कार्ड बऱ्याचदा जळालेलं नसतंच. मिठाच्या ओल्या थरातून दोन वाटांमध्ये थोडा थोडा प्रवाह गळत असतो आणि कार्डाला वाटतं, कुणी बटण दाबलंय. फाटक मध्यरात्री आपोआप उघडतं ते असं. हे कार्ड वाचवता येतं. वीज आणि बॅटरी दोन्ही तोडायच्या, कंडेन्सरमध्ये साठलेला विद्युतभार जाणकाराने सुरक्षितपणे उतरवायचा, कार्ड बाहेर काढायचं आणि आधी डिस्टिल्ड वॉटरने मऊ ब्रश घेऊन धुवायचं. इथे एक चूक सर्रास होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलनेच कार्ड पुसलं जातं, आणि त्या अल्कोहोलात मीठ जवळपास विरघळतच नाही. मीठ पाण्यानेच निघतं. अल्कोहोल नंतर वापरायचं, ते पाणी हुसकायला. पूर्ण वाळलं की जोडण्या आणि बटणांच्या जागा झाकून बाकीच्या कार्डावर संरक्षक लाखेचा पातळ थर द्यायचा. वायरींची काळी पडलेली टोकं कापून नव्याने सोलायची, कारण खारं पाणी तांब्याच्या तारांमधून प्लास्टिकच्या आतही चढलेलं असतं.

नट-बोल्टांकडे "स्टीलचेच आहेत" म्हणून कुणी बघत नाही. बाजारात सहज मिळणारं स्टेनलेस 304 प्रकारचं असतं. किनाऱ्यावर त्याच्यावर तपकिरी डाग येतात, मग बारीक खड्डे पडतात. 316 प्रकारात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते क्लोराइडला जास्त तोंड देतं. किंमत वाढते, पण एका फाटकाला असे बोल्ट लागतात किती? आणखी एक पथ्य: ॲल्युमिनियमच्या अंगात स्टेनलेसचा बोल्ट थेट घालू नये. खाऱ्या ओलाव्यात दोन धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं आणि बोल्ट असा धरून बसतो की मोटरचं झाकण फोडल्याशिवाय निघत नाही. मधे प्लास्टिकचा वायसर आणि थोडं ग्रीस पुरतं.

हे बारीकसारीक वाटत असेल तर मालवण आठवावं. राजकोट किल्ल्यावरच्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण 4 डिसेंबर 2023 ला झालं आणि 26 ऑगस्ट 2024 ला तो कोसळला. त्याच्या काही दिवस आधीच सार्वजनिक बांधकाम विभागाने नट-बोल्ट गंजत असल्याचं पत्राने कळवलं होतं. पडण्यामागे गंज एकटाच नव्हता, जोडकाम आणि सांगाड्याबद्दलही आक्षेप पुढे आले. पण एका पावसाळ्यात समुद्राकाठी बोल्टांची काय गत होते, ते साऱ्या महाराष्ट्राने तेव्हा पाहिलं. तमिळनाडूत पांबनच्या समुद्रावरचा 1914 चा रेल्वेपूल जहाजांसाठी उघडायचा, म्हणजे तेही एक फाटकच. त्याला शंभरावर वर्षं रंग देत, सुटे भाग बदलत जपलं, तरी गंजामुळे डिसेंबर 2022 मध्ये त्यावरची रेल्वे थांबवावी लागली. एप्रिल 2025 मध्ये शेजारी नवा पूल सुरू झाला.

शहापूरला मीठ नाही. इथली दुखणी वेगळी. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो आणि उन्हातल्या बंद खोक्याच्या आत त्याहूनही कितीतरी जास्त. कार्डावरच्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ठोकताळा आहे. वीज गेल्यावर फाटक चालवणाऱ्या लेड-ॲसिड बॅटरीचंही जवळपास तसंच. म्हणजे कोकणात मीठ जे करतं ते इथे ऊन करतं, फक्त कार्डाच्या दुसऱ्या ठिकाणी. फुगलेल्या डोक्याचा कंडेन्सर नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो, आणि तेवढाच बदलून कार्ड पुन्हा चालू लागल्याची उदाहरणं भरपूर आहेत. मोटरवर पत्र्याची छोटी सावली, भोवती हवा खेळेल अशी, हा इथला खरा विमा.

उन्हाने लोखंडही वाढतं. पाच मीटरचं फाटक पहाटेच्या मानाने दुपारी 40 अंशांनी जास्त तापलं तर सुमारे अडीच मिलिमीटर लांबतं. थंडीत अगदी नेमका बसवलेला लिमिट मे महिन्यात फाटक खांबावर आपटवतो, आणि मग कार्डाला वाटतं की मधे अडथळा आला. फाटक बंद होता होता उलटं फिरतं. मालक सेन्सर बदलतो. खरं तर लिमिट थोडा मागे घ्यायचा असतो.

मातीचं तर विचारूच नका. ज्याने धानाची बांधी पाहिली आहे त्याला कन्हार जमीन सांगायला नको. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. अशा जमिनीवर उथळ काँक्रीट टाकून रूळ बसवला की दोन वर्षांत तो मधे उचलतो किंवा एका टोकाला खचतो. मग फाटक स्वतःहून उताराकडे धावू बघतं आणि मोटर त्याला रोज ओढून धरते. इथे रुळाची लेव्हल दर पावसाळ्यानंतर पाणसळ लावून बघायलाच हवी. त्याच सुमारास रुळातला गाळही काढावा.

पावसाळ्याच्या तोंडावर विजा कडाडतात. वीज फाटकावरच पडायला लागत नाही, दूर कुठे तारांवर पडली तरी वाढलेला दाब लाइनीतून येतो आणि कार्डाचा बळी घेतो. त्यावर सर्ज प्रोटेक्टर मिळतो, पण चांगलं अर्थिंग नसेल तर तो नुसती शोभा. फाटकाच्या मोटरला घरापासून पुष्कळदा दोनच तारा ओढलेल्या असतात, तिसरी अर्थिंगची तार "लागत नाही" म्हणून वगळलेली असते. पावसात ओल्या लोखंडी फाटकाला हात लावणाऱ्या माणसासाठी ही तिसरी तार कार्डापेक्षाही महत्त्वाची आहे. मुंग्या आणि पाली मात्र दोन्हीकडे सारख्याच. उबदार, कोरडं, अंधारं खोकं त्यांना आवडतं. रिलेच्या पट्ट्यांमध्ये चेंगरलेली पाल हा बिघाड वायरी तपासून सापडत नाही, झाकण उघडूनच सापडतो.

मोटरच्या आतल्या गिअरबद्दल भंडारेकरांना लवकर पटेल. भंडाऱ्याची ओळखच पितळेची. लोखंडी मळसूत्रावर काशाचं चाक फिरतं तेव्हा झीज मऊ धातू सोसतो आणि दांडा वाचतो. हलक्या मोटरीत त्या जागी नायलॉनचं चाक असतं. हलक्या फाटकाला ते चालतं, पण वजनदार लोखंडी फाटकाला काशाचंच घ्यावं. घेताना दुकानदाराला एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ.

आणि ती मोटर मोकळी करायची किल्ली. ती बहुतेक घरांत हरवलेली असते. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर रायगड-रत्नागिरीत कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. अशा वेळी बॅटरी संपते आणि फाटकातून आजारी माणसाला बाहेर काढायचं तर ती किल्लीच लागते. किल्लीची एक प्रत घरात ठरलेल्या जागी, दुसरी शेजाऱ्याकडे असावी. किनाऱ्यावर त्या कुलपाला महिन्यातून एकदा फिरवून थोडं तेल द्यावं, नाहीतर गरजेच्या वेळी किल्ली आतच मोडते.

दुरुस्तीच्या यादीत जे कधीच येत नाही ते सर्वांत गंभीर. जुलै 2024 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या बोपखेलमध्ये मुलं खेळत असताना सरकतं लोखंडी फाटक अंगावर पडून एक लहान मुलगी दगावली. सरकतं फाटक रुळाच्या टोकाला पोचलं आणि तिथे त्याला अडवणारं काही नसलं किंवा वरचा रोलर निसटला, तर ते आडवं पडतं. मोटर असलेल्या फाटकात तर लिमिट स्विच बिघडला की मोटरच त्याला रुळाबाहेर ढकलते. लिमिट म्हणजे थांबा नव्हे, ती फक्त मोटरला दिलेली सूचना आहे. थांबा म्हणजे रुळाच्या दोन्ही टोकांना काँक्रीटमध्ये पक्का रोवलेला लोखंडी ठोकळा, आणि वर गाइड रोलरचा न गंजलेला, पूर्ण आवळलेला बोल्ट. गुहागरला तो बोल्ट खारं वारं खातं, शहापुरात तो कंपनांनी सैल होतो. मेकॅनिक आला की कार्डाच्या आधी त्याला हे दोन ठोकळे आणि वरचे बोल्ट पाना लावून दाखवायला सांगावं, आणि ते पक्के होईपर्यंत मुलांना फाटकाजवळ खेळू देऊ नये.