डब्यातली पांढरी पूड कोणती?

शेतकऱ्याच्या घरी चुलीजवळच्या फळीवर पांढऱ्या पुडींचे चार-सहा डबे असतात आणि एकावरही चिठ्ठी नसते. खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, मैदा, चुना, दिसायला सगळी भावंडेच. चाखून ओळखण्याची सवय मात्र सोडावी.

शाळेत शिकवतात त्या परीक्षा घरीही होतात. चिमूटभर पूड बशीत घेऊन लिंबाचे दोन थेंब पिळा. फसफसली तर बहुधा सोडा. कोणता, ते हळद सांगते. हळदीच्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकला की रंग गडद लाल होतो, खाण्याच्या सोड्याने जेमतेम तांबूस. चुन्यानेही हळद लाल होते (कुंकू करणाऱ्यांना हे सांगायला नको), पण ताजा चुना फसफसत नाही. जुना फसफसतो, कारण तो हवेतला कर्बवायू शोषून घेतो. जखमेवरचे टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ करून थेंबभर टाका. पूड निळी-काळी झाली तर ते पिष्ट. मैदा की तांदळाचे पीठ, एवढे मात्र आयोडीन सांगत नाही. तपासलेली चिमूट फेकून द्यावी.

कीटकनाशक यांतल्या कोणत्याही परीक्षेत ओळखू येत नाही. बिहारच्या सारण जिल्ह्यात २०१३ साली शाळेच्या जेवणातल्या तेलात मोनोक्रोटोफॉस आले आणि २३ मुले दगावली. फवारणीची पूड डब्यात आल्याची नुसती शंका असली, तरी परीक्षा करीत बसू नये. डबा मुलांपासून दूर ठेवावा आणि पुन्हा धान्याला वापरू नये, धुऊनसुद्धा.