निळा चंद्र उगवतो तरी कधी?

“मामा वन्स इन अ ब्ल्यू मून येतो,” असं कोणी म्हणालं, तर समजायचं की हा मामा सठीसहामासीच उगवतो. येतो नक्की, पण फार दिवसांनी. जो कधीच येत नाही, त्याच्याबद्दल मात्र असं म्हणत नाहीत हं!

पण ब्ल्यू मून म्हणजे निळा चंद्र. तो खरंच असतो का?

असतो! ऑगस्ट 1883 मध्ये इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा भयंकर स्फोट झाला. त्याची राख खूप उंच उडाली, वाऱ्याबरोबर दूरदूर पसरली आणि कितीतरी देशांतल्या लोकांना निळसर, हिरवट चंद्र दिसला.

चंद्राचा प्रकाश म्हणजे सूर्याचाच, त्यात सगळे रंग मिसळलेले. हवेचे इवले रेणू त्यातला निळा रंग जास्त विखुरतात. उगवत्या चंद्राचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, त्यातला निळा वाटेतच गळतो, म्हणून तो चंद्र तांबूस दिसतो. पण हवेत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे कण भरले, की नेमकं उलटं होतं. ते लाल रंग जास्त विखुरतात आणि निळा आपल्यापर्यंत पोचतो. अट एकच, पण कठीण: कण जवळजवळ एकाच मापाचे हवेत. लहानमोठे मिसळले की गंमत संपली. सप्टेंबर 1950 मध्ये मात्र ती अट जुळून आली. कॅनडातल्या वणव्यांचा धूर अटलांटिक महासागर ओलांडून ब्रिटनवर पोचला आणि तिथे चंद्रच काय, सूर्यसुद्धा निळा दिसला!

आता कॅलेंडर काढा. इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या, तर दुसरीलाही ब्ल्यू मून म्हणतात. तिचा रंग आपला नेहमीचाच. हा अर्थ तसा नवा आहे. 1946 मध्ये ‘स्काय अँड टेलिस्कोप’ या अमेरिकन मासिकातल्या एका लेखकाने जुन्या पंचांगातला नियम चुकीचा लावला आणि तोच पुढे रूढ झाला.

एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस जातात. अशा बारा फेऱ्यांचे दिवस 354, आणि वर्षाचे 365. दरवर्षी 11 दिवस शिल्लक! ते साठत साठत अडीच-तीन वर्षांनी एक पौर्णिमा जास्तीची येते. आजीला विचारा, तिचा धोंड्याचा, म्हणजेच अधिक महिनाही याच शिलकीतून येतो. 2026 च्या मे महिन्यात 1 आणि 31 अशा दोन्ही तारखांना पौर्णिमा, आणि त्यातली 31 तारखेची अधिक ज्येष्ठातली!

बिचाऱ्या फेब्रुवारीला मात्र ब्ल्यू मून कधीच मिळत नाही, त्याचे दिवसच कमी पडतात. 2018 मध्ये तर जानेवारीत दोन पौर्णिमा, मार्चमध्ये दोन आणि मधल्या फेब्रुवारीत एकही नाही.